आशाताई नेमकं काय करतात, आणि त्यांच्या मोबदल्याचा गुंता का सुटत नाही?

आशांचा, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांचा, संप ही आता ठरावीक काळानं येणारी बातमी झाली आहे. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२३मध्ये संप झाला, वाढीचं आश्वासन मिळालं. शासन निर्णय काही निघेना, म्हणून जानेवारी २०२४मध्ये पुन्हा संप झाला आणि फेब्रुवारीत राज्यभरातल्या बायका मुंबईच्या आझाद मैदानावर येऊन बसल्या. केरळमध्ये फेब्रुवारी २०२५पासून सचिवालयासमोर महिनोन्‌महिने आंदोलन चाललं. त्याआधी, मे २०२२मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं याच दहा लाखांहून अधिक बायकांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला होता.

बातमी वाचताना बहुतेकांच्या मनात तेच प्रश्न येतात. या बाई नर्स आहेत का? सरकारी नोकर आहेत का? नसतील तर सरकारकडे पगार कसा मागतात? आणि असतील तर त्यांना पगार का नाही? हे प्रश्न रास्त आहेत. उत्तरं मात्र कामाच्या स्वरूपात दडलेली आहेत, म्हणून सुरुवात कामापासूनच करायला हवी.

गावात आरोग्याचं काम कोण कोण करतं

गावात आरोग्याच्या कामासाठी तीन-चार जणींची ये-जा असते आणि बाहेरच्या माणसाला त्या सगळ्या सारख्याच वाटतात. अंगणवाडी सेविका महिला व बालविकास विभागाच्या. सहा वर्षांखालच्या मुलांचा पोषण आहार, वजन-उंची आणि शाळेआधीचं शिक्षण त्यांच्याकडे. आरोग्य सेविका, ज्यांना गाव नर्सबाई किंवा सिस्टर म्हणतं, त्या नर्सिंगचा अभ्यासक्रम केलेल्या आणि उपकेंद्रावर नेमलेल्या. लस त्या टोचतात, गरोदर बाईची तपासणी त्या करतात. उपकेंद्र साधारण ५००० लोकसंख्येला एक, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३०००ला एक. त्याच्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, ३०,००० लोकसंख्येला एक. एमबीबीएस डॉक्टर भेटतो तो तिथं.

आशा या उतरंडीच्या अगदी टोकाला, घराच्या उंबऱ्यापाशी. एप्रिल २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा दर १००० लोकसंख्येमागे एक आशा असावी असं ठरलं. आदिवासी भागात वाड्या-पाडे विखुरलेले, म्हणून तिथं एका पाड्यालाही एक आशा चालते. ती त्याच गावची रहिवासी हवी, लग्न झालेली, विधवा किंवा घटस्फोटित, साधारण २५ ते ४५ वयाची. निवडीत ग्रामसभेचा सहभाग. लग्नाची अट कुणाला जुनाट वाटेल, पण तिच्यामागे साधा व्यवहार आहे. गावची लेक लग्न होऊन निघून जाते, सून गावातच राहते. शिकवून तयार केलेली बाई दोन वर्षांत परगावी गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

वीसेक आशांच्या कामावर एक गटप्रवर्तक देखरेख ठेवते. तीही बहुतेकदा आशांइतकीच अडचणीत असते, पण तिचा उल्लेख बातमीत शेवटच्या ओळीत येतो.

डॉक्टर आहे, दवाखाना आहे, मग आशा कशाला?

धरण भरलेलं असतं, कालव्याला पाणी सुटलेलं असतं, तरी शेवटच्या शेतातलं पीक वाळतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. शेताकडे पाणी नेणारी चारी तुंबलेली असेल, कुणी वरच्या अंगाला पाणी अडवलं असेल, किंवा आपली पाळी कधी आहे हेच कळलं नसेल. धरणाची उंची वाढवून हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी चारीवरून रोज फिरणारा माणूस लागतो. दवाखाना हे धरण मानलं, तर आशा म्हणजे चारीवर फिरणारी बाई.

बाळंतपणात आई दगावते तेव्हा त्यामागे तीन प्रकारचे उशीर असतात, असं आरोग्यशास्त्रात मांडलं जातं. पहिला उशीर घरात होतो: हे दुखणं साधं नाही, दवाखान्यात न्यायला हवं, हे ठरवायलाच वेळ जातो. दुसरा रस्त्यात: गाडी मिळत नाही, नदीला पूर असतो. तिसरा दवाखान्यात: डॉक्टर नाही, रक्त नाही, भूल देणारा नाही. दुसऱ्या उशिरासाठी रस्ते आणि १०२, १०८ क्रमांकाच्या गाड्या आहेत. तिसऱ्यासाठी डॉक्टर आणि सामग्री. पहिल्या उशिरावर मात्र कुठलंच यंत्र चालत नाही. सासू म्हणते, "आम्हाला नाही का झाली पोरं घरात?" नवरा कामावर गेलेला असतो. जिला त्रास होतोय तिला या निर्णयात आवाज नसतो. अशा वेळी त्या घरात जाऊन, सासूशी भांडण न करता तिला तयार करणारं माणूस लागतं, आणि ते त्याच गावचं असावं लागतं. बाहेरून आलेल्या सिस्टरला जे पाच भेटींत कळणार नाही, ते आशाला आधीच ठाऊक असतं: या घरात कुणाचा शब्द चालतो, मागच्या बाळंतपणात काय झालं होतं, सून कुणाजवळ मन मोकळं करते.

आशांच्या कामाचा गाभा तो हाच. औषधाची गोळी देणं हा त्याचा छोटा भाग.

बाळाचे पहिले ४२ दिवस

हे काम कसं दिसतं ते बघायचं तर बाळंतिणीच्या घरी व्हायला हवी तशी एक भेट पाहू. जन्मानंतरच्या २८ दिवसांत जी बाळं दगावतात, त्यांच्यातली सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात. नेमकी याच आठवड्यात आई आणि बाळ दवाखान्यातून घरी आलेली असतात. म्हणून २०११पासून देशभर आशांच्या घरभेटी ठरवून दिल्या आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

घरात आल्यावर आशा आधी साबणानं हात धुते. बाळ बहुतेकदा अंधाऱ्या, बंद खोलीत, दुपट्यात गुंडाळलेलं. ती काखेत थर्मामीटर लावते. ताप ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल तर धोका, आणि अंग ३५.५ अंशांच्या खाली गेलं असेल तरी धोका. आपल्याला ताप तेवढा कळतो. बाळाचं अंग गार पडणं हेही दुखण्याचं लक्षण आहे, हे अनेक घरांना पहिल्यांदा आशाकडूनच कळतं.

मग ती श्वास मोजते. हे दिसायला सोपं, करायला अवघड. बाळ रडत नसलं पाहिजे, दूध पीत नसलं पाहिजे. अंगावरचं कापड थोडं वर करून पोटाची हालचाल बघायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. १५ सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही: मध्येच भराभर, मध्येच थांबल्यासारखा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचे. पुन्हा तितकेच आले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत खेचला जात असेल, तर बाळाला लगेच दवाखान्यात न्यायचं. एक घड्याळ आणि एका मिनिटाचा धीर, एवढ्यावर न्यूमोनियाची शंका पकडता येते.

त्यानंतर झोळीच्या काट्यावर वजन. जन्माचं वजन अडीच किलोच्या खाली असेल तर जादा काळजी: बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरायचं, अंघोळीची घाई करायची नाही, थोड्या थोड्या वेळानं पाजायचं. नाळ बघायची, डोळे बघायचे, आईला ताप आहे का, अंगावरून जास्त जातंय का ते विचारायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाळ पाजताना समोर बसून बघायचं. "पितंय ना?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "पितंय की." कालपर्यंत ओढून पिणारं बाळ आज नुसतं तोंड लावून झोपतंय, हे समोर बसल्याशिवाय दिसत नाही. जंतुसंसर्गाचं ते फार लवकर दिसणारं लक्षण आहे.

हे आलं कुठून?

या भेटींमागची मोठी प्रेरणा महाराष्ट्रातली आहे, हे आपल्याला अभिमानानं सांगता यायला हवं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोली जिल्ह्यात १९९३पासून एक प्रयोग केला. ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकं द्यायलाही शिकवलं. तुलनेसाठी ४७ गावं जशीच्या तशी ठेवली. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांचा हिशेब धरून, नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत होती, या बायकांच्या उपचारानंतर ते प्रमाण २.८ टक्क्यांवर आलं. डिसेंबर १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले.

त्याच्याही आधी, १९७०मध्ये, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केलं. तिथं गावोगावच्या, अनेकदा अक्षरओळखही नसलेल्या बायका आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडल्या.

सरकारी पातळीवर पहिला मोठा प्रयत्न २ ऑक्टोबर १९७७ला झाला. दर १००० लोकांमागे एक आरोग्य रक्षक, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन. निवडले गेलेले बहुतेक पुरुष होते. घरात शिरून बाळंतिणीशी बोलणं त्यांना जमणारच नव्हतं. ती योजना हळूहळू विझली. २००५मध्ये आशा म्हणून बाईच हवी असं ठरलं, त्याला या अनुभवाची पार्श्वभूमी होती. त्या योजनेतला दुसरा धडा, म्हणजे तुटपुंज्या मानधनावर माणूस टिकत नाही, हा मात्र आपण घेतला नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

"आठवी-दहावी शिकलेल्या बाईच्या हातात औषध द्यायचं?"

ही शंका डॉक्टरही घेतात. गडचिरोलीचे आकडे तिचं अर्धं उत्तर देतात. उरलेलं अर्धं असं, की आशाकडून डॉक्टरकी अपेक्षितच नाही. तिच्या पिशवीत ताप-दुखीची पॅरासिटामॉल, जुलाबासाठी ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या, गरोदर बाईसाठी लोहाच्या गोळ्या, कुटुंबनियोजनाची साधनं अशा गोष्टी असतात. नवजात बाळाच्या काळजीसाठी तिला चार टप्प्यांत मिळून २० दिवसांचं प्रशिक्षण आहे आणि त्यात भर आहे तो धोक्याची लक्षणं ओळखण्यावर. गडचिरोलीत बायकांनी इंजेक्शनंही दिली, राष्ट्रीय कार्यक्रमात ते काम आशांकडे सोपवलेलं नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. प्रशिक्षण एकदा झालं आणि पुढं कुणी सोबत फिरून पाहिलंच नाही, तर मिनिटभर श्वास मोजण्याची सवय सुटते आणि नुसता फॉर्म भरला जातो. गडचिरोलीत यश आलं त्यात नियमित देखरेखीचा वाटा मोठा होता. आपल्याकडे देखरेख म्हणजे बहुधा रजिस्टर तपासणं.

मोबदला कसा ठरतो

आता पैशाकडे येऊ. आशाला पगार नसतो. तिला कामागणिक मोबदला मिळतो: अमुक काम पूर्ण, त्याचे अमुक रुपये.

केंद्राच्या दरांतले काही बघा. बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांच्या सगळ्या भेटी मिळून २५० रुपये. बाळ तीन महिन्यांचं झाल्यापासून पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आणखी पाच भेटी, प्रत्येकी ५० रुपये. पहिल्या वर्षाच्या सगळ्या लसी पूर्ण झाल्या की बाळामागे १०० रुपये. साध्या क्षयरोगाच्या पेशंटनं महिनोन्‌महिने औषध घेऊन उपचार पूर्ण केले तर १००० रुपये. दवाखान्यात बाळंतपण व्हावं म्हणून केंद्रानं आणलेल्या जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात दवाखान्यातल्या बाळंतपणामागे ६०० रुपये, त्यातले ३०० गरोदरपणातल्या तपासण्यांसाठी. याशिवाय नोंदवह्या, बैठका, गावातला आरोग्य-पोषण दिवस अशा नेहमीच्या कामांसाठी महिन्याला ठरावीक रक्कम. ती ऑक्टोबर २०१८पासून २००० रुपये होती, ती ३५०० केल्याचं केंद्र सरकारनं २०२५मध्ये संसदेत सांगितलं. राज्यं आपापल्या तिजोरीतून त्यात भर घालतात. महाराष्ट्रानं त्या संपानंतर मार्च २०२४मध्ये महिना ५००० रुपयांची वाढ मंजूर केली. शेजारच्या दोन राज्यांतल्या आशांच्या हातात वेगवेगळी रक्कम पडते ती यामुळे.

आता अटी बघा, कारण खरी मेख तिथं आहे. ते २५० रुपये कधी मिळतात? जन्माचं वजन कार्डावर लिहिलेलं हवं, जन्माची नोंद झालेली हवी, बीसीजी आणि सहाव्या आठवड्याच्या लसी दिलेल्या हव्यात, आणि ४२व्या दिवशी आई व बाळ दोघंही सुखरूप हवीत. म्हणजे बाळ अशक्त जन्मलं, आशा पाचही वेळा गेली, बाळाला दोनदा दवाखान्यात घेऊन गेली, आणि तरीही ते चाळिसाव्या दिवशी गेलं, तर नियमाच्या शब्दाप्रमाणे अट पूर्ण होत नाही. जिथं तिनं सगळ्यात जास्त धावपळ केली, तिथंच पैसे अडण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

दुसरं उदाहरण खास आपल्याकडचं. पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या आशानं तिसऱ्या महिन्याच्या आत नोंद केली, लोहाच्या गोळ्या खाल्ल्या का ते दर फेरीला विचारलं, तपासणीला सोबत गेली. सातव्या महिन्यात ओटभरण झालं आणि सून माहेरी गेली. बाळंतपण तिकडं, भेटी तिकडच्या आशाच्या. सवा महिन्यानं, कधी तीन महिन्यांनी ती परत येते. काम दोघींनी केलं, पण कागदावर ते दोन तुकड्यांत विभागलं जातं आणि कधी कधी दोन्हींमधल्या फटीत हरवतं. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीला गेलेल्या गरोदर बाईचं तर विचारूच नका. तिच्या गावची आशा तिच्यामागे जाऊ शकत नाही आणि कारखान्याच्या गावच्या आशाच्या यादीत तिचं नाव नसतं.

तिसरी गोष्ट, जननी सुरक्षा योजना महाराष्ट्रासारख्या राज्यांत दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मातांपुरती आहे. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर आशा रेशनकार्डाचा रंग बघून उठत नाही. इतर घरातल्या बाईसाठी ती तितकीच धावते, पण या योजनेतून त्याचे पैसे नाहीत.

"कामाप्रमाणे दाम, यात चूक काय?"

तत्त्व ऐकायला योग्य वाटतं. अडचण अशी, की पैसे मोजता येणाऱ्या कामाचे मिळतात, आणि आशाचं सगळ्यात मोलाचं काम मोजता येत नाही. सासूला तीन वेळा भेटून तयार केलं, याला रकाना नाही. बाळाचं अंग गार लागलं म्हणून रात्री दोनदा जाऊन आली आणि सकाळपर्यंत बाळ नीट झालं, याला रकाना नाही. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या घरातली बाई हिच्याजवळ येऊन बोलली, याला तर नाहीच. वर पैसे ज्याचे मिळतात तेच काम आधी करावं, हा दबाव आपोआप येतो. म्हाताऱ्या माणसाची विचारपूस, मनानं खचलेल्या बाईशी बोलणं मागं पडतं.

हे फक्त आशा संघटनांचं म्हणणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८मध्ये गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत: कामाच्या भाराला साजेसा मोबदला द्यावा, आणि तो पूर्णपणे किंवा मुख्यतः कामागणिक प्रोत्साहन रकमेच्या स्वरूपात देऊ नये. आपली पद्धत बराच काळ नेमकी तीच होती. ठरावीक रकमेचा वाटा अलीकडे वाढतोय, आणि दिशा तीच बरोबर आहे.

इतरांनी वेगळे मार्ग काढले आहेत. ब्राझीलमध्ये असे कार्यकर्ते कुटुंब आरोग्य पथकाचे पगारी सदस्य असतात आणि २०२२च्या घटनादुरुस्तीनं त्यांचं किमान वेतन देशाच्या किमान वेतनाच्या दुप्पट ठरवलं. इथिओपियानं २००३पासून वर्षभर प्रशिक्षण दिलेल्या मुली पगारावर नेमल्या. ब्राझील आपल्यापेक्षा श्रीमंत आहे, पण इथिओपिया तर गरीबच आहे.

कायदा काय म्हणतो

कागदोपत्री आशा ही 'स्वयंसेविका' आहे. हाच शब्द सगळ्या हक्कांच्या आड येतो. कर्मचारी नाही, म्हणून किमान वेतनाचा कायदा थेट लागू होत नाही. भविष्य निर्वाह निधी नाही. बाळंतपणाची भरपगारी रजा तिला आपोआप मिळत नाही, आणि हे त्या बाईबाबत, जिचं अर्धं काम दुसऱ्यांच्या बाळंतपणाचं आहे. मे २०१३च्या ४५व्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार अशा तिन्ही बाजू बसल्या होत्या. योजनांवर काम करणाऱ्या अशा बायकांना कामगार मानावं, अशी शिफारस तिथं झाली. ती अजून अमलात आलेली नाही. मधल्या काळात केंद्रानं विमा योजनांचं संरक्षण दिलं आणि फेब्रुवारी २०२४च्या अर्थसंकल्पात आयुष्मान भारत या आरोग्य विमा योजनेत आशांना सामावून घेण्याची घोषणा झाली. हे चांगलंच आहे, पण विमा म्हणजे वेतन नव्हे.

सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. दहा लाख जणींना कर्मचारी म्हटलं की वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन आणि बदल्यांचा प्रश्न येतो. आशाची बदली झाली तर ती आशाच राहणार नाही, कारण तिचं गावात असणं हीच तिची पात्रता आहे. ही अडचण खरी आहे. पण बदली न होणाऱ्या, गावाला बांधलेल्या पदावर ठरावीक वेतन आणि सामाजिक सुरक्षा देता येत नाही, असं त्यातून सिद्ध होत नाही.

"बाळंतपणाचे, बालमृत्यूचे आकडे सुधारले ते आशांमुळेच कशावरून?"

नुसत्या त्यांच्यामुळे नाही, आणि असा दावा करूही नये. देशात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण २००५-०६मध्ये ३८.७ टक्के होतं, २०१९-२१मध्ये ८८.६ टक्के झालं. महाराष्ट्रात ते ६४.६वरून ९४.७ टक्क्यांवर गेलं. हजार जिवंत जन्मांमागे एका वर्षाच्या आत दगावणारी बाळं देशात २००५मध्ये ५८ होती, २०२०मध्ये २८. महाराष्ट्रात ३६वरून १६. याच काळात रस्ते झाले, मुली जास्त शिकल्या, मातांना थेट पैसे मिळू लागले, मोफत गाड्या आल्या, हातात फोन आले. कुणाचा वाटा किती, हे नेमकं वेगळं काढणं कठीण आहे. पण यातली बहुतेक प्रत्येक सोय घरापर्यंत नेण्याचं काम कुणीतरी केलंय. योजनेची माहिती सांगणं, खातं उघडायला लावणं, गाडीला फोन करणं, बाळंतिणीसोबत जाऊन बसणं, हे काम हजारो गावांत याच बायकांनी केलं. कोविडच्या काळात तर दारोदार ताप आणि ऑक्सिजन मोजत त्याच फिरल्या, आणि त्या जादा जोखमीचे केंद्राकडून महिना १००० रुपये.

कामांची यादी वाढतेच आहे

सुरुवातीला माता आणि बाळ एवढाच मुख्य विषय होता. मग क्षयरोग, कुष्ठरोग, हिवताप आले. आता मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोगाची चाचपणी आली: तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचा, वय, तंबाखू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरातला आजार यांचे गुण मांडायचे, बेरीज चारपेक्षा जास्त आली तर तपासणीला प्राधान्यानं पाठवायचं. फॉर्ममागे १० रुपये. शिवाय मोबाइलवरची ॲप, आरोग्य कार्डं काढणं, वेगवेगळी सर्वेक्षणं. ॲपसाठी नेटवर्क नसलं की बाई टेकडीवर जाऊन माहिती चढवते.

हे सगळं महत्त्वाचं आहे, त्यातलं काही तर फार गरजेचं आहे, कारण गावात आता मधुमेह घरोघरी पोचलाय. पण दिवसाचे तास तेवढेच आहेत. भेटीचा वेळ जेव्हा फॉर्ममध्ये जाऊ लागतो, तेव्हा बाळ पाजताना समोर बसण्याची ती पाच मिनिटं सगळ्यात आधी कापली जातात. नवीन काम देताना जुन्यातलं कुठलं काढून घेणार, हा प्रश्न प्रत्येक नव्या योजनेच्या वेळी विचारायला हवा.

शहरातही हेच आहे. २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात वस्त्यांमधल्या साधारण २०० ते ५०० कुटुंबांमागे एक आशा आहे. शहरात डॉक्टर पावलापावलावर असतात, तरी भाड्याच्या खोल्या बदलत फिरणाऱ्या घराला बाळाची पुढची लस कुठं आणि कधी, हे सांगणारं कुणी नसतं.

तुमच्या घरी बाळ असेल तर

या भेटी सगळ्यांसाठी आहेत, फक्त गरिबांसाठी नाहीत. बाळंतपण खासगी दवाखान्यात झालं असलं तरी आशाला कळवा. ती आली की माता-बाल कार्ड पुढं करा आणि प्रत्येक भेटीची नोंद करून घ्या. तिचा मोबदला त्या नोंदींवर अवलंबून असतो. सून माहेरी जाणार असेल तर दोन्हीकडच्या आशांचे फोन नंबर एकमेकींना द्या. तिसऱ्या दिवशी कुणी आलं नाही तर उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेला किंवा गटप्रवर्तकाला विचारा. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४ हा मोफत क्रमांकही आहे. आणि बाळ दूध ओढायचं थांबलं, अंग गार पडलं, किंवा श्वास भराभर चालू झाला, तर आशाच्या पुढच्या भेटीची वाट बघू नका. तिला फोन करा आणि त्याच वेळी १०८ला गाडीसाठीही करा.